कार्डाचं अक्षर

सुगंधा मेस्त्रीचं अक्षर वाईट होतं असं कोणी म्हटलं नसतं. वाचता येत होतं, शुद्ध होतं, फक्त सरळ उभं राहत नव्हतं. सगळी अक्षरं उजवीकडे कललेली, वेलांट्या पुढच्या अक्षराच्या डोक्यावर पसरलेल्या, आणि ओळीतल्या शेवटच्या शब्दाला एक लांब शेपूट. लहानपणी नारळ खोवताना विळीवर तिचा उजवा अंगठा फाटला होता. जखम भरली, पण अंगठ्याच्या पेरावर आडवी रेघ राहिली आणि टाक धरताना तो अंगठा घसरायचा. तो घसरला की अक्षर कलायचं. एवढंच त्यामागचं कारण होतं, आणि एस.एस.सी. होईपर्यंत तिला कोणी त्यावरून टोकलंही नव्हतं.

टोकलं ते ग्रंथपालनाच्या वर्गात. अंधेरीच्या एका शाळेत संध्याकाळी हा वर्ग भरायचा. साल पंचावन्न. दिवसभर कुठं कुठं कारकुनी करून आलेले पुरुष, दोन शाळामास्तर आणि मुली दोनच, सुगंधा आणि नीला. पुस्तकांचे विषय ठरवायचे, त्यांना आकडे द्यायचे, प्रत्येक पुस्तकाचं कार्ड लिहायचं, उसवलेल्या पुठ्ठ्यांना खळ लावायची, आणि वाचकाशी डोकं फिरू न देता बोलायचं, असं सगळं तिथं शिकवत. शिकवणारे श्यामकांत प्रधान. पुस्तक हातात आलं की आधी वास घ्यायचे आणि मग उघडायचे. पोरं पाठीमागं हसत, पण वर्ष संपेपर्यंत निम्मा वर्ग पुस्तकं हुंगायला लागला होता.

नीला अंधेरीचीच, वकिलाची मुलगी. वर्ग सुटला की दोघी बोलत बोलत स्टेशनापर्यंत जायच्या आणि वाटेत जे दिसेल त्याला आकडा द्यायच्या. हा त्यांचा अभ्यास.

"ती गाय बघ," नीला म्हणायची. "सांग."

"पाचशे नव्वद. प्राणी."

"अगं, गळ्यात दोरी आहे ना तिच्या. पाळलेली आहे. सहाशे छत्तीस. वाट लागली तुझी परीक्षेत."

सुगंधाला हे दिवस फार आवडले. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी तरी असं काही शिकवत होतं जे शिकून थेट कामाला लागता येणार होतं. आणि काम समोर दिसतही होतं. बोरिवलीच्या एका वाचनालयानं नवी इमारत बांधली होती. पुस्तकं होती, पण धड तालिका नव्हती, म्हणजे कुठलं पुस्तक कुठं आहे हे सांगणारी कार्डांची पेटी नव्हती. ती करायला त्यांना माणूस हवा होता आणि निवडीचं काम त्यांनी प्रधान सरांवर सोपवलं होतं. घरी वडिलांनी, सहदेव मेस्त्रींनी, तिला एक वर्ष दिलं होतं. गावाकडून चुलत्यानं एक स्थळ आणलं होतं. वर्षाअखेर नोकरी लागली तर त्या लोकांना नाही म्हणून कळवायचं, नाही लागली तर लग्न लावून मोकळं व्हायचं. सहदेव काही दुष्ट बाप नव्हता. पोरीच्या बाजूनं घरात भांडायला त्याला एक तरी कारण हवं होतं, आणि ते कारण बोरिवलीत होतं.

आडवं आलं ते अक्षर.

"कार्ड लिहिणारा माणूस कार्डात दिसता कामा नये," प्रधान सर सांगत. "वाचक पुस्तक शोधायला येतो, तुम्हाला नाही. उद्या तुम्ही जाल, दुसरा येईल, तिसरा येईल. पेटी उघडली की सगळी कार्डं एकाच हातानं लिहिल्यासारखी वाटली पाहिजेत." त्यासाठी एक ठरलेलं अक्षर होतं. उभं, गोल, सुटं सुटं, शेपटी नाही, ऐट नाही. वर्गात त्याला कार्डाचं अक्षर म्हणत. नीलाला ते चार दिवसांत जमलं. सुगंधाचं कार्ड सर उजेडात धरत, हळूच बाजूला ठेवत आणि म्हणत, "मेस्त्री, तुम्ही अजून दिसता आहात."

पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी ती दिसतच होती. एका रविवारी गोरेगावच्या चाळीत ती ट्रंकेवर कार्ड ठेवून घोटत बसली होती आणि तिला रडू फुटलं. सहदेव समोर पायरीवर बसून रंधा पुसत होता. तो स्टुडिओत सुतार होता. सिनेमातले राजवाडे, कोर्ट, बंगले उभे करायचा आणि शूटिंग संपलं की पाडायचा. कोणा बॅरिस्टरच्या दिवाणखान्यासाठी त्यानं भिंतभर पुस्तकांचं कपाट केलं होतं, त्यात सगळ्या नुसत्या पाठी, आत पुस्तक एकही नाही. पोरगी खऱ्या कपाटांचं शिकते याचं त्याला मनातून फार अप्रूप होतं, पण तसं बोलून दाखवायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

त्यानं तिचं कार्ड घेतलं आणि लांब धरून बघितलं.

"अगो, उभा काय नि आडवा काय ता नुसत्या डोळ्यांनी कळना नाय," तो म्हणाला. "ओळंबो लावूक व्हयो."

आणि त्यानं खरंच लावला. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायचा, दोरीला टांगलेला पितळी गोळा त्यानं ट्रंकेच्या वर आढ्याला बांधला. त्या दोरीकडे बघत बघत लिही म्हणाला. मग तिचा हात हातात घेऊन अंगठ्यावरची रेघ बघितली आणि आत गेला. दोन दिवसांनी तिच्यासाठी टाकाचं नवं दांडकं घेऊन आला. सागवानाचं, आणि जिथं अंगठा टेकतो तिथं नेमकी तिच्या अंगठ्याच्या मापाची खाच पाडलेली. अंगठा त्या खाचेत बसला आणि घसरायचा थांबला.

पुढं सगळं भराभर झालं. माघ सरता सरता सुगंधाचं अक्षर ओळंब्यासारखं उभं राहिलं. सरांनी कार्ड उजेडात धरलं, पुन्हा धरलं आणि विचारलं, "हे कोणाचं?" वर्गात एवढं मोठं कौतुक दुसरं नव्हतं. नीलानं तिला बटाटेवडा खाऊ घातला.

आता सुगंधा जे दिसेल ते त्या अक्षरात लिहू लागली. वाण्याची चिठ्ठी, घरातच राहणाऱ्या कुंदाआत्याच्या डब्यांवरची नावं, सगळं. आणि अर्थात गावाकडची पत्रंही.

गाव मालवणच्या बाजूला. तिथं तिची आई विमला शेत, गोठा आणि म्हातारे सासू-सासरे सांभाळून राहत होती. सुगंधाला शिकण्यासाठी लहानपणीच मुंबईला बापाकडे धाडलं, तेव्हापासून मायलेकींची भेट शिमग्याला नाही तर गणपतीत, तीही दर वर्षी नाही. मधल्या काळात पोस्टकार्डं. विमलाला वाचता येत नव्हतं. धाकू पोस्टमन ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवायचा, ती उत्तर सांगायची, तो लिहायचा, आणि खाली ती अंगठा उठवायची. पण धाकू गेल्यावर ती पत्र हातात घेऊन बसायची. तिला शब्द कळत नसले तरी ती कललेली अक्षरं ओळखीची होती. ती शेपटी दिसली की पोरगी पुढ्यात येऊन बसल्यासारखं तिला वाटायचं. हे सुगंधाला माहीत होतं. म्हणूनच नव्या अक्षरातलं पहिलं पत्र टाकताना तिनं त्याबद्दल मुद्दामच काही लिहिलं नाही. आयेला आपसूक दिसू दे, किती साफ झालंय ते, असं तिच्या मनात होतं. कौतुक मागून घ्यायचं नव्हतं तिला.

आता त्या गावची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईत कोणी वारलं तर ती बातमी तिथं पत्रानं कळवत नसत. मुलखातलं कोणी तरी गावी जाईपर्यंत थांबत आणि तोंडी सांगत. तोवर म्हाताऱ्या माणसांनी हाय खाऊ नये म्हणून मुंबईच्या खोलीत बरोबर राहणारीच मंडळी गेलेल्याच्या नावानं खुशालीची पत्रं पाठवत राहत. शेजारच्या लवूच्या आईला अशी पत्रं आली होती. लवू जाऊन बरेच दिवस झाले होते आणि म्हातारी धाकूकडून त्याची खुशाली ऐकून खूश होत होती. विमलानं ते डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हा तिलाही सगळं ठाऊक होतं आणि तीही म्हातारीसमोर गप्प बसली होती.

नव्या अक्षरातलं पत्र आलं. धाकूनं वाचलं, सगळं क्षेमकुशल. विमलानं पत्र हातात घेतलं आणि ती शेपटी शोधत राहिली.

"ह्या माझ्या चेडवाचा अक्षर नाय," ती म्हणाली.

"अगो वैनी, खाली नाव असा तिचा."

"नाव लवूचाय होता."

धाकूनं गळ्याची आण घेतली. पण लवूच्या वेळीही त्यानं ती घेतली होती, त्यामुळं त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसरं पत्र आलं, तेही तसंच उभं, परकं. विमलानं घरी कोणाशी वाद घातला नाही. म्हाताऱ्यांना जावेच्या हवाली केलं, तांदूळ आणि आमसुलांचं गाठोडं बांधलं, आणि आयुष्यात कधी खाडीपलीकडे न गेलेली ती बाई मालवण बंदरात पडावातून आगबोटीवर चढली. बोटीभर लोक ओकत होते. ती कठड्याला धरून बसली होती आणि धक्क्यावर घ्यायला कोण आलेलं असेल, ते तोंड कसं करून सांगतील, याचाच विचार करत होती.

घ्यायला कोणीच नव्हतं, कारण ती येणार हे कोणाला ठाऊकच नव्हतं. गावचा एक माणूस बोटीवर भेटला म्हणून ती गोरेगावपर्यंत पोचली. चाळीच्या दारात कुंदाआत्या तांदूळ निवडत होती. वहिनीला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"चेडू खय असा?"

"परीक्षेला गेलंय अंधेरीला."

"खरा सांग माका, कुंदा."

कुंदानं खूप सांगितलं, देवाशपथ सांगितलं. खुंटीवरचं पोरीचं पातळ दाखवलं. ते बघून तर विमलाला रडूच फुटलं, कारण लवूचीही पैरण तशीच खुंटीवर राहिली होती. शेवटी कुंदानं दाराला कडी घातली आणि तिला बसमध्ये घालून अंधेरीला नेलं.

शाळेच्या खालच्या वर्गात प्रात्यक्षिक परीक्षा चालली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात पुस्तकं आणि कोरी कार्डं. सुगंधाची थोडीच राहिली होती. सहज मान वर केली तर खिडकीच्या गजांमागं तिची आये उभी. विस्कटलेले केस, काखेत गाठोडं. आये मुंबईत आली म्हणजे गावाकडं कोण गेलं? आजा? आजी? टाक तिनं तसाच धरून ठेवला आणि कार्डावर शाईचा थेंब पडला. उठून बाहेर गेलं तर परीक्षा गेली, आणि परीक्षेबरोबर बोरिवलीही गेलं. बसून लिहिलं तर लिहिणार कसं.

खिडकीत विमलाचं तोंड आधी कोरडं होतं, मग त्यावरून काही तरी उतरल्यासारखं झालं. तिनं गज घट्ट धरले. पोरगी बसली आहे, जिवंत आहे, लिहिते आहे. तिनं तिथूनच हाताचा पंजा हलवला, खाली बस, लिही, असा. शेतात राखणीला बसवलेल्या लहान पोरीला करावी तशी ती खूण होती. सुगंधाला ती खूण ओळखीची होती. तिनं डाग पडलेलं कार्ड बाजूला सारलं, नवं घेतलं, अंगठा खाचेत बसवला आणि लिहू लागली. आये खिडकीतून हलली नाही.

घंटा झाली आणि सुगंधा बाहेर धावली. विमलानं आधी तिचे गाल, मग खांदे, मग हात चाचपले. अंगठ्यावरची रेघ सापडल्यावरच ती थांबली.

"आये, काय झाला? आजो बरो असा मां?"

"सगळी बरी असत. तुझा काय ता बघूक इलंय. तुझा अक्षर कोणी लिवला?"

मग उलगडा झाला. सुगंधा हसायला गेली आणि तिला हसू येईना. लवूचं नाव ऐकल्यावर तर ती तिथंच पायरीवर बसली. आपल्या साफ अक्षरानं आयेला काय काय बघायला लावलं, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ते तिच्या मनातून पुढं कधीच गेलं नाही.

प्रधान सर कार्डांचे ट्रे घेऊन बाहेर आले. नीलानं त्यांना दोन वाक्यांत हकीकत सांगितली. सरांना वाईटही वाटलं आणि, खोटं कशाला सांगा, थोडा आनंदही झाला. त्यांनी ट्रे पुढं केला. "बघा बाई. आता कुठलं कोणाचं हे मलाही सांगता येत नाही. तुमच्या मुलीनं फार मेहनत घेतली."

विमलानं बोट पदराला पुसलं आणि एकेक कार्ड मागं सारत गेली. शेवटी एकावर थांबली. "ह्या तुझा," ती म्हणाली.

ते नीलाचं होतं.

"होय आये," सुगंधा म्हणाली.

विमलानं कार्डाकडं बघितलं नाही, पोरीच्या तोंडाकडं बघितलं. "नाय मां? तुझ्या तोंडार दिसता माका."

विमलानंच मग समजूत घातली, तिच्या पद्धतीनं. लोकांसाठी असंच लिही, ती म्हणाली, लोकांना साफ हवं. माझ्यासाठी खाली अंगठा उठवत जा. "मनीऑर्डरेर माझो अंगठो चालता सरकाराक. तुझो माका चलात."

सुगंधाचा चेहरा पडला. त्यांच्या घरात सही करणारी पहिली मुलगी ती. शाळेत नाव घालतेवेळी तिनं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा सहदेवानं चाळभर पेढे वाटले होते. आणि प्रधान सर तर सुट्टीच्या दिवशी प्रौढांना सही शिकवायला जात, अंगठा पुसा म्हणून भाषणं करत. त्यांच्यासमोर, नीलासमोर आये हे बोलली. "तसा नको, आये," ती म्हणाली. "मी पयल्यासारखाच लिवीन तुका." विमलानं मान डोलावली आणि विषय तिथंच राहिला.

आठवडाभर राहून विमला परतीच्या बोटीनं गेली. मे महिन्यात निकाल लागला. सुगंधा पास झाली, नीलाच्या खालोखाल, आणि पावसाच्या आधी बोरिवलीच्या वाचनालयात रुजू झाली. चुलत्याला नाही म्हणून कळवलं. ते पत्र सहदेवानं तिच्याकडून कार्डाच्या अक्षरातच लिहून घेतलं, म्हणाला, ह्या अक्षराक कोण उलट बोलूचो नाय.

मग आयेचं पत्र लिहायला ती बसली. वाचनालयात दुपारची वेळ, टेबलावर नवी कोरी कार्डं, मासिकं चाळत बसलेले दोन पेन्शनर, पैकी एक झोपलेला. तिनं बापाचं दांडकं बाजूला ठेवलं आणि साध्या टाकानं, पूर्वीसारखं कलवून लिहायला घेतलं. जमेना. वेलांटी पुढं जायची ती मुद्दाम नेल्यासारखी दिसे. शेपूट काढली तर चिकटवल्यासारखी. स्वतःच्याच अक्षराची तिनं नक्कल केली होती आणि नक्कल वाईट झाली होती. हे कार्ड आयेला धाडलं असतं तर ती पुन्हा बोटीवर चढली असती, आणि तेव्हा तिचं बरोबर असतं.

तिनं ते फाडलं. दुसरं कार्ड घेऊन उभ्या, गोल, सुट्या अक्षरात लिहिलं. नोकरी लागली, जागा छान आहे, कपाटं खरी आहेत, आत पुस्तकं आहेत असं बाबांना सांगून झालंय. खाली सही केली. मग पुस्तकांवर वाचनालयाचा शिक्का मारायचं पॅड पुढं ओढलं. पेन्शनरांकडं एकदा बघितलं. जागा असलेला मासिकात गढला होता. तिनं अंगठा जांभळ्या शाईत दाबला आणि सहीच्या शेजारी टेकवला. गोल गोल रेघा उठल्या आणि त्यांच्या मधून, शाई न लागलेली, आडवी पांढरी रेघ. दुपारभर ती अंगठा मुठीत लपवून पुस्तकं देत होती.

पंधरवड्यानं उत्तर आलं. धाकूचं अक्षर, बारीक, घाईचं. वैनीनं पत्र आधी वाचू दिलं नाही, त्यानं लिहिलं होतं. हातातून ओढून घेतलं, खालचा अंगठा बघितला, त्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मग म्हणाली, आता वाच. सासू-सासऱ्यांची तब्येत बरी, गाय व्याली. आणि शेवटी, विचारायला सांगते आहे की त्या दिवशी विळीवर मीच बसवलं होतं तुला, तर ते अजून दुखतं का.

खाली विमलाचा अंगठा होता.

सुगंधानं ते पुन्हा वाचलं. इतकी वर्षं ते आयेच्या मनात होतं आणि धाकूला सांगून लिहवून घ्यावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. सुगंधाला रडू आलं आणि या वेळी तिनं ते आवरलं नाही. पेन्शनरांपैकी एकानं चष्म्यावरून बघितलं आणि भल्या माणसासारखं पुन्हा मासिकात डोकं घातलं.

तिनं कार्ड घेतलं आणि लिहिलं, दुखत नाही गो आये. मग पॅड उघडलं. या वेळी कोण बघतंय का ते तिनं पाहिलं नाही.